सही कुणाच्या नावाने?

पत्र ठाण्याहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ ४७ वर्षांचे, बँकेत नोकरीला. त्यांचे मिरजेचे मामा दोन वर्षांपूर्वी गेले आणि मामींनी मामांची पत्र्याची पेटी भाच्याच्या हवाली केली. पेटीत साठेक जुनी मराठी कॉमिक्स निघाली, निम्मी इंद्रजाल, निम्मी अमर चित्रकथा. जवळजवळ प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर मामांनी शाळकरी अक्षरात, बॉलपेनने, स्वतःचं नाव घातलं आहे आणि खाली ‘परत करणे’ अशी सूचना. यातल्या बावीस अंकांची चित्रं काढणारे चित्रकार आज ऐंशीच्या पुढे आहेत, पुण्यात राहतात, आणि एका परिचितांकडून त्यांचा फोन नंबर मिळाला आहे. बावीसही अंकांवर सही घ्यायचा बेत आहे.

मधेच घरात एक गोष्ट घडली. पत्रलेखकांचा १४ वर्षांचा मुलगा (त्याला आपण ईशान म्हणू) गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या कॉमिक्सच्या एका मेळाव्यात दीड तास रांगेत उभा राहिला. एका तरुण चित्रकाराने त्याचं नाव विचारलं, कोऱ्या अंकावर ‘ईशानला’ असं लिहून सही केली आणि शेजारी एक छोटं डोकंही काढून दिलं. वडील म्हणाले, “नाव कशाला घालून घेतलंस? आता याला कोण विचारणार?” मुलाने तो अंक कपाटात टाकला आणि पुण्याला यायला साफ नकार दिला.

प्रश्न असे: बावीस अंक नेणं बरं दिसेल का? नाव न घालता नुसती सही मागितली तर राग येईल का? पैसे देऊ केले तर अपमान होईल का? एक मित्र म्हणतो सहीने किंमत तिप्पट होते, दुसरा म्हणतो सहीने अंक बाद होतो. खरं काय? आणि मेळाव्यात एका परदेशी चित्रकाराने टेबलावर सहीचा दर लिहून ठेवला होता, ते बघून ‘दुकान मांडल्यासारखं’ वाटलं. हल्ली असंच असतं का?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले. मामांच्या अक्षराबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत. ‘र’ कसा काढायचे, तारीख कशी टाकायचे, ‘परत करणे’च्या खाली दोन रेघा कशा ओढायचे. आता बाजाराच्या नियमाने बोलायचं तर मामांनी जवळजवळ साऱ्या अंकांचं वाटोळं केलं आहे. मुखपृष्ठावर बॉलपेनने नाव, तेही दाबून! संग्राहक याला सरळ डाग म्हणतात. तरीही हे नाव पुसता येईल का, असं तुम्ही मला कुठेच विचारलेलं नाही. ईशानच्या अंकावरच्या नावाचा मात्र तुम्हाला त्रास झाला. एकाच कुटुंबातली दोन मुलं, दोघांचीही नावं कॉमिक्सवर. एक नाव ठेवा ठरलं आणि दुसरं बाजारभावाने मिटलं, असं का झालं असेल, हे मनात असू द्या.

आधी पैशांचं बोलू, कारण तुमचे दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत. सहीने अंक बाद होतो म्हणणाऱ्याने अमेरिकन बाजाराबद्दल वाचलेलं दिसतं. तिथे २००० सालापासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक्स तपासून दहापैकी गुण देते आणि अंक कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून परत पाठवते. (न उघडता येणाऱ्या कॉमिकचं करायचं काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. असो.) सही असलेल्या अंकाच्या पेटीवर तिची पिवळी पट्टी असते आणि तिचा मूळ नियम असा, की कंपनीने नेमलेल्या साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत सही झाली पाहिजे. तुम्ही स्वतः समोर उभं राहून घेतलेली सही, मग तुमच्याजवळ फोटो का असेना, या हिशेबात ‘मुखपृष्ठावर लिखाण’ ठरते आणि अंकाला सहसा हिरवी पट्टी लागते, म्हणजे ‘अंक चांगला, पण’. काही कंपन्या नंतर अक्षर ताडून पाहूनही दाखला देतात. किंमत तिप्पट होते म्हणणारा मित्र या दाखल्यांच्याच जगातलं एखादं उदाहरण सांगत असणार: गाजलेला अंक, मोठा लेखक-चित्रकार, रीतसर साक्ष. आणि तिथेही सही दुर्मीळ हवी. मार्व्हल कॉमिक्सचे लेखक स्टॅन ली २०१८मध्ये गेले, पण उतारवयात त्यांनी मेळाव्यांमधून इतक्या सह्या केल्या, की त्यांची सही असलेले अंक शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तुमच्या पेटीला यातलं फारसं काही लागू होत नाही. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४मध्ये सुरू केलं आणि १९९०मध्ये ते बंद झालं. त्या काळात ते हातोहात फिरलं, वाचनालयांचे शिक्के खात जगलं, रद्दीत गेलं, आणि जे वाचलं त्यातलं बरंचसं कुणीतरी हौसेने एकत्र बाइंड करून कडा कापून टाकल्या. आज मराठी इंद्रजाल घेणारा माणूस आधी पानं मोजतो, मधलं पान जागेवर आहे का बघतो, मागचं कूपन कुणी कापलेलं नाही ना हे तपासतो. अमर चित्रकथेचं आणखी वेगळं. इंग्रजी मालिकेत राम वाईरकरांनी काढलेला ‘कृष्ण’ हा ११ क्रमांकाचा अंक, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. पुढच्या पुनर्मुद्रणांत त्याच ‘कृष्ण’ला ५०१ क्रमांक मिळाला. म्हणजे एकच गोष्ट, तीच चित्रं, पण छपाई वेगळी आणि भावही वेगळा. तुमच्या बावीसपैकी मूळ छपाईचे किती आणि नंतरचे किती, हे आधी पाहा. आपल्याकडचा हा व्यवहार बराचसा ओळखीपाळखीवर चालतो, एका वेड्याकडून दुसऱ्या वेड्याकडे. तिथे सहीचा ठरलेला दर नाही. समोरच्याचं त्या चित्रकारावर प्रेम असेल तर तो दोन पैसे जास्त देईल, नसेल तर म्हणेल, अहो, कव्हरवर लिहिलंय की.

म्हणून माझं सरळ म्हणणं: विकायचे असतील तर सही न घेताच विका. ऐंशी ओलांडलेला माणूस दारात आलेल्या वाचकाला सही देतो ती प्रेमापोटी, आणि तीच सही तुम्ही महिनाभरात भाव सांगून विकायला काढणार असाल तर हे त्यांना सही घेण्याआधी माहीत असायला हवं. स्पष्ट सांगितलंत तर ते कदाचित हसून करतीलही. लपवलंत तर पुढच्या वाचकासाठी ते दार उघडणार नाही. पण मला तुमच्या पत्रावरून वाटतं, की तुम्ही यातला एकही अंक विकणार नाही. किंमत कळली की एखाद्या वस्तूचा मान वाढतो, अशी आपल्याला सवय लागली आहे, आणि मामांच्या पेटीला मान मिळावा एवढंच तुम्हाला हवं असावं.

आता नावाचं. चित्रकार नाव का विचारतो? फ्रान्समध्ये अंगुलेम नावाच्या गावी १९७४पासून कॉमिक्सचा मोठा उत्सव भरतो. तिथल्या परंपरेत सही म्हणजे नुसती सही नसते. वाचक पुस्तक पुढे करतो आणि चित्रकार पहिल्या कोऱ्या पानावर त्याच्यासाठी एक छोटं चित्र काढून देतो, वर वाचकाचं नाव. पुष्कळदा फुकट. लोक यासाठी तास न् तास रांगा लावतात. या रांगांमध्ये व्यापारीही घुसले. मिळालेलं चित्र संध्याकाळी विकायला ठेवणारे. मग कित्येक चित्रकारांनी ठरवलं, नाव घातल्याशिवाय चित्र नाही. ‘मारीला’ असं लिहिलेलं चित्र विकायला जरा जडच जातं. म्हणजे ज्या नावाने तुमच्या हिशेबात किंमत गेली, ते नाव चित्रकाराने मुद्दाम घातलेलं कुलूप आहे. ईशानला त्या तरुणाने नाव विचारलं तेव्हा त्याने दोन गोष्टी एकदम केल्या: पोराची विचारपूस केली आणि हा अंक याच्याचपाशी राहील अशी तजवीज केली. तुमच्या मुलाने बरोबर उत्तर दिलं होतं.

आणि नाव घातलं की किंमत जाते हाही नियम सरसकट नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तकं चाळली असतील तर पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिलेली प्रत तुमच्याही हाताला लागली असेल. एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला दिलेली. भेट मिळालेल्याच्या घरच्यांनी ती रद्दीत घातली, हे वाचून आपण चुकचुकतो आणि लगेच घासाघीस न करता पुस्तक विकत घेतो. का? तर ‘कुणी कुणाला दिलं’ याचीच ती किंमत असते. आज ईशान चौदा वर्षांचा आहे, म्हणून त्याचं नाव तुम्हाला जास्तीचं वाटतंय.

जाता जाता सह्यांच्या बाजाराबद्दल माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही तरी फसणार नाही. काही वर्षांपूर्वी पदपथावरच्या एका विक्रेत्याने मला ‘आर्टिस्टची सही असलेला’ इंद्रजालचा अंक चढ्या भावाने दिला. बहादूरचा. आबिद सुरतींनी १९७६मध्ये लिहायला घेतलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारलेला तो बहादूर, केशरी कुर्ता आणि जीन्सवाला. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात झोकदार सही. मी हरखून घरी आणला, भिंग लावलं, तर सही ठिपक्याठिपक्यांची! मूळ चित्रावर चित्रकाराने केलेली सही चित्राबरोबर छापली गेलेली. तशी ती प्रत्येक प्रतीवर असणार. खरी शाई छपाईच्या वर बसलेली असते, अंक तिरपा धरला की वेगळी चमकते, दाबाने कागदाला किंचित घळ पडलेली असते. हे मला पैसे देण्याआधी आठवलं नाही.

आता दुकानाचं. महात्मा गांधी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन निधीसाठी. त्या काळचे पाच रुपये! लोक देत होते आणि ती वही आयुष्यभर जपत होते. निधी वेगळा आणि स्वतःचा खर्च वेगळा, असं तुम्ही म्हणाल. मग दुसरी गोष्ट ऐका. १ मार्च १९३८ या तारखेचा ४१२ डॉलरचा एक धनादेश आहे. सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांच्या नावे. त्यातले १३० डॉलर सुपरमॅनच्या हक्कांचे. सगळ्या हक्कांचे, कायमचे. धनादेश काढणाऱ्याने दोघांच्या नावांची स्पेलिंगंही चुकवली होती, म्हणून पोरांना मागच्या बाजूला चुकीच्या आणि खऱ्या अशा दोन्ही सह्या कराव्या लागल्या. सुपरमॅनने पुढे किती कमावलं ते जगाला ठाऊक आहे. या दोघांना १९७५मध्ये, पुष्कळ भांडणं आणि लोकलाज झाल्यावर, वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन आणि अंकावर नाव मिळालं. २०१२मध्ये तोच धनादेश लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. मागच्या सह्यांसकट. त्या दोघांपैकी कुणी तेव्हा हयात नव्हतं.

तेव्हा परदेशी चित्रकाराच्या टेबलावरचा दर बघून मला दुकान आठवत नाही, उशिरा मिळालेला पगार आठवतो. तो दिवसभर चित्र काढायचं सोडून मान मोडून सह्या करत बसतो. पहिली सही फुकट, पुढच्यांना पैसे, असेही असतात; आमच्याकडून एखादं चित्र किंवा अंक विकत घ्या, सही त्यातच आली, असेही. दर पटला नाही तर नमस्कार करून पुढे जावं, यात कुणाचा अपमान नाही. घासाघीस मात्र करू नये.

आपल्याकडेही कॉमिक्सच्या चित्रकारांपैकी बहुतेकांना पानामागे ठरलेली रक्कम मिळायची. पान दिलं, पैसे घेतले, विषय संपला. अंक दहा वेळा छापला गेला, पाच भाषांत गेला, तरी चित्रकाराच्या घरी पुन्हा मनीऑर्डर आली असं फारसं घडत नसे. अमर चित्रकथेच्या अनंत पैंचं नाव आपल्या पिढीला ठाऊक आहे, ‘अंकल पै’ म्हणून आपण त्यांना पत्रं टाकली. पण ‘टिंकल’ मासिकातल्या शिकारी शंभूच्या डोळ्यांवर ती टोपी ओढून ठेवणारे वसंत हळबे, किंवा पुण्यात बसून पौराणिक कथा चितारणारे आणि पुढे राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंकही काढणारे प्रताप मुळीक, यांची नावं किती जणांना विचारल्याबरोबर सांगता येतील? तुम्हाला तुमच्या चित्रकारांचं नाव माहीत आहे, तुम्ही त्यांचे बावीस अंक ओळखून बाजूला काढलेत, हीच मोठी गोष्ट आहे. ती त्यांना सांगा. फोनवर पहिल्या वाक्यात सांगा.

फोन आधीच करा, थेट दारात उभे राहू नका. त्यांच्याऐवजी सुनेने किंवा मुलीने उचलला तर त्यांनाच विचारा, भेटायला कोणती वेळ सोयीची, तब्येत कशी असते, हात चालतो का. ऐंशीनंतर चित्रकाराचा हात थरथरत असेल तर तो सहीपेक्षा त्या थरथरीनेच ओशाळतो, आणि तुम्हाला पेटीतल्या अंकांवर छापलेल्या सहीसारखी सही नाही मिळाली म्हणून तुमचा चेहरा पडला तर ते त्यांना दिसेल. मानधनाचंही तिथेच विचारून घ्या: “सहीचं काही मानधन ठरवलं आहे का?” सरळ प्रश्नाने अपमान होत नाही. अपमान होतो तो निघताना दारात खिसे चाचपण्याने. ते ‘छे छे’ म्हणाले तर आग्रह नको. फळं न्या, त्यांची एखादी चित्रं किंवा पुस्तकं विकायला असली तर विकत घ्या. चित्र काढून हवं असेल तर मात्र ते काम आहे, त्याचं मानधन ठरवूनच मागा. ‘सहीबरोबर छोटंसं काहीतरी काढून द्या ना’ हे वाक्य प्रत्येक चित्रकाराने आयुष्यात इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की तुम्ही ते न बोलल्याचीच त्यांना नवलाई वाटेल.

बावीस नको. तीन न्या. बावीस अंक टेबलावर ठेवले की भेट संपली आणि टपालखात्याचं काम सुरू झालं. ‘ठेवून जातो, सवडीने करा’ म्हणणं त्याहून वाईट, म्हाताऱ्या माणसाला गृहपाठ देऊन येण्यासारखं. तीन अंक निवडताना आत चित्रकाराचं नाव कुठे छापलं आहे ते बघा, आणि मुखपृष्ठ त्यांचंच आहे ना याची खात्री करा. अमर चित्रकथेत आतली चित्रं एकाची आणि मुखपृष्ठ दुसऱ्याचं, असं पुष्कळदा झालं आहे. दुसऱ्याच्या चित्रावर सही मागितली की चित्रकार संकोचतो, आणि भिडेखातर केलीच तर ती सही मनात सलते. अशा वेळी आतलं पान पुढे करा. लेखकालाही विसरू नका. वर्तमानपत्रातल्या ‘चिंटू’ या चित्रमालिकेचंच बघा, १९९१पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने ते उभं केलं, एकाचीच सही घेऊन आलात तर अर्धीच भेट झाली म्हणायची.

सहीची जागा त्यांना ठरवू द्या, पेनही त्यांच्या सवयीचं असेल तर तेच. तरी खिशात एक चांगलं ठेवा. बॉलपेनने गुळगुळीत मुखपृष्ठावर चर पडतो (मामांचं नाव तिरपं धरून बघा), जेलची शाई अंगठा लागला की फराटा ओढते, जाड मार्कर आतल्या वर्तमानपत्री कागदातून थेट पलीकडच्या पानावर उतरतो. चित्रकलेच्या दुकानात पाण्याने न पसरणाऱ्या पिगमेंट शाईची बारीक टोकाची पेनं मिळतात, ती उत्तम. काळ्या-निळ्या मुखपृष्ठावर चंदेरी रंगाचा मार्कर, पण आधी रद्दी कागदावर दाबून रंग उतरवून घ्या, नाहीतर पहिला ठिपका वेताळाच्या (इंद्रजालमधल्या फँटमच्या) नाकावर पडतो. सही झाल्यावर अंक लगेच मिटू नका.

एखादा अंक इतका कोरा असेल, की त्यावर कुणी काही लिहावं असं तुम्हालाच वाटत नसेल, तर जपानी लोकांची युक्ती करा. तिथे सहीसाठी शिकिशी नावाचा जाड पुठ्ठ्यासारखा पांढरा चौकोनी कागद वेगळाच नेतात, मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढणारे त्यावर सही करतात, चित्रही काढतात. पुस्तक अबाधित. आपल्याकडे सहीची वही होतीच की! जाड ड्रॉइंग पेपरचा तुकडा कापून न्या आणि घरी आल्यावर अंकासोबत ठेवा. मागे शिसपेन्सिलने तारीख आणि जागा लिहून ठेवा. सही खरी कशावरून, हे उद्या कुणी विचारलं तर भेटीचा एक फोटो आणि ती पेन्सिलची ओळ कामाला येईल. फोटो विचारूनच काढा. घरातल्या कपड्यांत म्हातारी माणसं फोटोला कचरतात.

आणि एक गोष्ट घेऊन जा, जी कुणी नेत नाही. अशा चित्रकारांकडे स्वतःचे जुने अंक असतीलच असं धरून चालू नका. घरं बदलतात, पाणी शिरतं, कुणीतरी ‘वाचून देतो’ म्हणून नेतो. मूळ चित्रं तर प्रकाशनाकडेच राहिलेली असू शकतात. बावीसही अंकांची यादी करून न्या, मुखपृष्ठांचे मोबाइलवर फोटो काढा आणि त्यांना विचारा, यातलं तुमच्याकडे काय नाही? पेटीत एखादा अंक दुहेरी असेल तर तो त्यांना देऊन या. नसेल तर चांगली स्कॅन करून, छापून, नीट बांधून पाठवा. सही मागायला आलेला वाचक काहीतरी देऊन गेला, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडेल की काय कोण जाणे.

साठवणीचं थोडक्यात. लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही. वहीला घालतो ती मऊ प्लास्टिकची कव्हरं शाईला चिकटून सहीच उचलून घेतात, त्याऐवजी पॉलिस्टरच्या स्वच्छ पिशव्या वापरा. ठाण्याच्या पावसाळ्यात पत्र्याची पेटी आतून घाम धरते आणि स्टेपल गंजतात. पेटी भिंतीपासून सुटी, कोरड्या कपाटात. सही केलेला अंक फ्रेम करून खिडकीसमोर लावलात तर दोन उन्हाळ्यांत फ्रेमच उरेल.

आता ईशान. त्याची माफी मागताना ‘मला म्हणायचं होतं की’ ही सुरुवात नको. त्या अंकावरचं डोकं कुणाचं आहे, चित्रकार त्याच्याशी काय बोलला, दीड तास रांगेत शेजारी कोण होतं, हे तुम्ही त्याला अजून विचारलेलं दिसत नाही. पत्रात तरी नाही. विचारा. तो लगेच पुण्याला यायला तयार होईल असं नाही, चौदाव्या वर्षी नकार इतक्या सहज मागे घेता येत नाही. पण न्यायचे तीन अंक त्याला निवडू द्या. पेटी त्याच्यासमोर उघडी ठेवा आणि तुम्ही चहा करायला आत जा. त्याने नेमका फाटका, कव्हर सुटलेला, मामांच्या नावाचा अंक उचलला तर ‘तो नको, हा घे’ म्हणू नका. पुण्यात चित्रकारांनी पेन हातात घेऊन ‘नाव काय?’ विचारलं, तर तुमचं, त्याचं की मामांचं, हेही त्यालाच सांगू द्या. मुखपृष्ठावर जागा उरली नसेल तर आतलं पान आहे. फक्त ‘परत करणे’खालच्या त्या दोन रेघांवर शाई जाणार नाही एवढं बघा.